साइडस्टिक धरलेला हात : एअरबस हाताने उडवणं म्हणजे नेमकं काय?

पश्चिमवारा
सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, नमस्कार. परवा प्रवासाच्या धाग्यावर एकांनी लिहिलं होतं की आता विमान काँप्युटरच उडवतो, पायलट फक्त लक्ष ठेवतो. तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते वाढतच गेलं, म्हणून हा वेगळा धागा. मी एअरबसच्या ए३२० विमानावर अकरा वर्षं आहे, त्यातली शेवटची चार कॅप्टन म्हणून. हे विमान हाताने उडवण्यावर माझा फार जीव आहे आणि त्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. ए३२० च्या कॉकपिटमध्ये पायलटच्या पोटासमोर मोकळी जागा असते. तिथून एक सरकतं टेबल बाहेर येतं, त्यावर कागद ठेवतो, जेवतो. विमान वळवायची साइडस्टिक, म्हणजे स्टिक, असते खिडकीच्या बाजूला : कॅप्टनच्या डाव्या हाताशी, फर्स्ट ऑफिसरच्या (सहवैमानिकाच्या) उजव्या. मुठीत मावेल एवढी. पुढे-मागे १६ अंश आणि आडवी २० अंश, एवढंच तिचं राज्य. सोडली की स्प्रिंग तिला मधोमध आणते. हे विमान पहिल्यांदा उडालं २२ फेब्रुवारी १९८७ ला आणि १९८८ पासून प्रवासी नेऊ लागलं. डिजिटल फ्लाय-बाय-वायर (हाताचा हुकूम केबलऐवजी तारांतून, काँप्युटरमार्फत जाणं) आणि साइडस्टिक घेऊन आलेलं ते पहिलं प्रवासी विमान. एअरबसचे टेस्ट पायलट बर्नार्ड झिगलर या कल्पनेमागे ठाम उभे राहिले, आणि त्यांना तेव्हा पायलट मंडळींकडूनच बराच विरोध सहन करावा लागला.

आता मुख्य गोष्ट. केबलच्या विमानात तुमचा हात पंखावरचा आणि शेपटीवरचा पृष्ठभाग हलवतो. स्टिक इतकी ओढली की एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा पृष्ठभाग) इतका वर, मग विमान काय करेल ते वेगावर आणि वजनावर ठरतं. एअरबसमध्ये हात पृष्ठभाग हलवत नाही, मागणी नोंदवतो. मागे ओढली तर "मला इतका जी हवा" अशी मागणी. जी म्हणजे जाणवणारा भार, एक जी म्हणजे नेहमीचं वजन. मधोमध सोडली तर "एक जी", म्हणजे आहे तो मार्ग धरून ठेव. ती मागणी पुरी करायला एलिव्हेटर किती आणि कधी हलवायचा हे काँप्युटर ठरवतो. ट्रिमही, म्हणजे हात सोडल्यावर विमान तसंच राहावं म्हणून करायची जुळवणी, तोच करतो.

आडव्या दिशेलाही तसंच. स्टिक डावीकडे म्हणजे "या गतीने डावीकडे कल", जास्तीत जास्त सेकंदाला १५ अंश. समजा मला २५ अंश बँक, म्हणजे कल, हवी आहे. मी स्टिक हलकेच डावीकडे नेतो, २५ येत आली की सोडतो. विमान २५ वरच राहतं. वळणात नाक खाली पडू नये म्हणून इतर विमानांत मागे ओढून धरावं लागतं, इथे ३३ अंशांपर्यंत तेही लागत नाही. ३३ च्या पुढे जायचं तर धरून ठेवावं लागतं आणि सोडलं की विमान परत ३३ वर येतं. पूर्ण दाबून धरली तरी ६७ च्या पुढे ते तुम्हाला जाऊ देत नाही.

म्हणजे हे विमान हाताने उडवण्यातलं अर्धं कौशल्य स्टिक सोडण्यात आहे. हे मला कळायला बरेच दिवस लागले.

माझं ट्रेनिंग चालू होतं तेव्हाची गोष्ट. जूनचा शेवट, मुंबईला २७ नंबरच्या धावपट्टीवर अप्रोच (उतरण्यासाठी खाली येणं), घाटकोपरच्या टेकड्यांवरून येताना विमान हिंदकळत होतं. पंख डावीकडे कलला की मी उजवीकडे, तो उजवीकडे आला की मी डावीकडे. मनगट थांबायलाच तयार नव्हतं. ट्रेनिंग कॅप्टन शांतपणे म्हणाले, "ताक घुसळतोयस. सोड जरा." मी बोटं सैल केली. पुढचे तीन-चार सेकंद हाताने काहीच केलं नाही आणि विमान आपोआप स्थिर व्हायला लागलं. वाऱ्याने पंख कलला की त्याला थोपवायचं काम काँप्युटर करतच होता. मीही तेच करत होतो, पण अर्धा सेकंद उशिरा. म्हणजे जो हिंदकळा मला वाऱ्याचा वाटत होता, त्यातला बराचसा माझ्याच हाताचा होता.

त्यांनी त्या दिवशी दिलेले तीन शब्द मी आज माझ्या फर्स्ट ऑफिसरना देतो : माग, थांब, बघ. मुरलेल्या बैलजोडीला कासऱ्याचा नुसता इशारा पुरतो, सारखा ओढत राहिलं तर बैल बिथरतात. तसंच आहे हे.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहितो.


मीनाक्षी_सातारा
सोमवार, रात्री ११.१५

दादा, फार सुंदर लिहिलंय, दोनदा वाचलं. माझा मुलगा सध्या फ्लाइंग स्कूलमध्ये आहे, लायसन्सच्या २०० तासांपैकी १४० झालेत. तो सेस्ना उडवतो आणि पुढे एअरबसच मिळेल असं म्हणतो. आईच्या मनातले प्रश्न विचारते, भाबडे वाटले तरी. एवढ्याशा दांड्याला चुकून धक्का लागला, शिंक आली, तर? आणि दोघांनी एकाच वेळी वेगवेगळ्या दिशेला ओढलं तर विमान कुणाचं ऐकतं?


पश्चिमवारा
सोमवार, रात्री ११.५५

मीनाक्षीताई, दोन्ही प्रश्न अगदी नेमके आहेत. भाबडे मुळीच नाहीत.

धक्क्याचं आधी. ऑटोपायलट चालू असताना स्टिक मधोमध अडकवलेली असते. हलवायला मुद्दाम जोर लावावा लागतो आणि तेवढा जोर लागला की ऑटोपायलट सुटतो, गजर होतो. हाताने उडवत असताना कोपर ते मनगट हात आर्मरेस्टवर टेकलेला असतो. तो आर्मरेस्ट फार महत्त्वाचा. त्याला एक अक्षर आणि एक आकडा असतो, प्रत्येक पायलटला आपला पाठ असतो. माझा डी-३. कॉकपिटमध्ये बसलो की सीटनंतर लगेच तो लावतो. एक घर जरी खाली राहिला तरी मनगट वाकतं आणि उजवीकडे कलवताना नकळत मागेही ओढलं जातं. मुलाला हे आत्तापासून सांगून ठेवा.

आता दोघांनी ओढण्याचं. दोन्ही स्टिक एकमेकींना यांत्रिकरीत्या जोडलेल्या नाहीत. मी माझी हलवली तर शेजारची जागची हलत नाही. दोघांनी एकदम हलवल्या तर दोन्ही मागण्यांची बेरीज होते, अर्थात एका स्टिकच्या कमाल मागणीपलीकडे ती जात नाही. एकाने पूर्ण पुढे आणि दुसऱ्याने पूर्ण मागे नेली तर बेरीज शून्य. समोर हिरवे दिवे लुकलुकतात आणि "ड्युअल इनपुट" असा आवाज येतो. प्रत्येक स्टिकवर अंगठ्याखाली लाल बटण आहे. ते दाबून धरलं की समोरच्याची स्टिक बाद, "प्रायॉरिटी लेफ्ट" किंवा "राइट" असा आवाज होतो. ४० सेकंद दाबून धरलं तर समोरची बादच राहते, दोघांपैकी कुणीही आपलं बटण पुन्हा दाबेपर्यंत.

माझ्याकडून झालेली चूक सांगतो. कॅप्टन होऊन चार महिने झाले असतील. उतरताना फर्स्ट ऑफिसर उडवत होता, फ्लेअर (टेकण्याआधी नाक वर घेणं) जरा उशिरा होतोय असं मला वाटलं आणि माझ्या हाताने आपसूक मागे ओढलं. त्याच क्षणी त्यानेही ओढलं. बेरीज झाली. नाक हवं त्यापेक्षा वर गेलं, विमान तरंगलं आणि मग जोरात टेकलं. कुणाला काही झालं नाही, पण "ड्युअल इनपुट" हा आवाज मला आजही ऐकू येतो. रीतसर रिपोर्ट दिला. करायला हवं होतं ते एवढंच : बटण दाबायचं, मोठ्याने "आय हॅव कंट्रोल" म्हणायचं आणि मगच हात चालवायचा. या कॉकपिटमध्ये हाताचं काम तोंडाने सांगावं लागतं.


जुना_फिटर
मंगळवार, सकाळी ६.३०

वाचतोय, मजकूर पक्का आहे. मी एकतीस वर्षं विमानांच्या देखभालीत काढली, निम्मी तरी ए३२० वर. लाल बटणावरून आठवलं ते सांगतो.

मार्च २००१, फ्रँकफर्ट. लुफ्थान्साचं ए३२० देखभालीनंतर पहिल्यांदा निघालं होतं. कॅप्टनच्या स्टिकच्या वायरिंगमध्ये दुरुस्तीत दोन तारांची अदलाबदल झाली होती. त्यामुळे कॅप्टनने उजवीकडे नेली की विमान डावीकडे कलायचं. जमीन सोडल्यासोडल्या विमान डावीकडे कललं, कॅप्टनने उजवीकडे दिली, ते आणखी डावीकडे गेलं. पंखाचं टोक जमिनीला लागायला हातभर अंतर उरलं होतं. फर्स्ट ऑफिसरने बटण दाबून ताबा घेतला म्हणून सगळे वाचले. त्याच्या स्टिकचं वायरिंग नीट होतं.

आमच्या लोकांना मी हे कायम सांगत आलो. उड्डाणाआधी पायलट स्टिक सगळीकडे फिरवून बघतात तेव्हा पृष्ठभाग नुसता हलला हे पुरेसं नाही, योग्य दिशेला हलला का ते बघायचं. केबलच्या विमानात उलटं जोडलेलं निदान हाताला वेगळं लागू शकतं. तारेत प्लस-मायनस उलटले तर हाताला तसूभर फरक जाणवत नाही.


योकवाला
मंगळवार, दुपारी १.१०

उत्तम धागा. मी ७३७ वर आहे, कॅनडात. पश्चिमवारा, हाताचं काम तोंडाने सांगावं लागतं, या तुमच्या वाक्यावरच माझा आक्षेप आहे आणि तो मनापासून आहे.

आमच्याकडे दोन कंट्रोल कॉलम (वर योक, म्हणजे हँडल, असलेले मोठे दांडे) एकमेकांना जोडलेले आहेत. माझा सहकारी मागे ओढतोय हे मला विचारावं लागत नाही, तो माझ्या गुडघ्यांपर्यंत येतो. बोइंगने ७७७ पूर्ण फ्लाय-बाय-वायर केलं, १९९५ मध्ये ते सेवेत आलं, तरी योक ठेवला, दोन्ही जोडलेले ठेवले, आणि ऑटोपायलट चालवत असतानाही तो हातात हलतो. तंत्रज्ञानामुळे जोड तोडावी लागली असं नाही, ती निवड होती.

एअर फ्रान्स ४४७ बघा. १ जून २००९, रिओहून पॅरिस, ए३३०, २२८ माणसं. अटलांटिकवर वेग मोजणाऱ्या पिटोट नळ्यांत बर्फ साचला, वेगाचे आकडे गेले, ऑटोपायलट सुटला आणि विमान अल्टरनेट लॉमध्ये (काँप्युटरची काही संरक्षणं नसलेल्या कायद्यात) गेलं. उजवीकडच्या पायलटने मागे ओढलं आणि बहुतेक वेळ मागेच ठेवलं. स्टॉलचा (पंखांची उचल जाण्याचा) इशारा सलग ५४ सेकंद वाजला. कॅप्टन विश्रांतीवरून परत आले, दोघांच्या मागे उभे राहिले, पण ती स्टिक मागे आहे हे त्यांना दिसण्यासारखं नव्हतं. आपण केव्हापासून मागे ओढून धरलंय हे तो पायलट बोलला तेव्हा फार उशीर झाला होता. मोठा कॉलम पोटात रुतलेला असता तर कुणालाही दिसला असता. मी या मतावर ठाम आहे.


गणिताची_वही
मंगळवार, रात्री ९.०५

मी नियंत्रणशास्त्र शिकवते, विमान कधी उडवलेलं नाही. योकवाला यांचा मुद्दा महत्त्वाचा आहेच, पण काँप्युटर स्टिकची मागणी ज्या नियमांनी पुरी करतो त्या कायद्यात, म्हणजे "लॉ"मध्ये, आणखी एक बदल आहे जो मला जास्त खोल वाटतो. त्यावर पायलट मंडळींचं मत हवं आहे.

साध्या विमानाला वेगाची ओढ असते. एका वेगाला ट्रिम केलं आणि हात सोडला, मग पॉवर कमी केली तर नाक आपोआप खाली जातं, कारण विमान तो वेग राखायला बघतं. एअरबसचा पिचचा (नाक वर-खाली होण्याचा) कायदा जी आणि नाकाची फिरण्याची गती यांच्या मिश्रणावर चालतो. कमी वेगाला दुसरी बाजू वरचढ, जास्त वेगाला पहिली. परिणाम असा की विमान वेग राखत नाही, मार्ग राखतं. पॉवर काढून घेतली तरी ते त्याच मार्गावर चालत राहतं, ट्रिमही करत राहतं आणि वेग निमूट घसरत जातो. साध्या विमानात जड होत जाणारी स्टिक तुम्हाला जी बातमी देते, ती इथे हाताला कळतच नाही.

म्हणजे संरक्षण दिलं, पण एक इंद्रिय काढून घेतलं. बरोबर समजलंय का?


जुना_फिटर
मंगळवार, रात्री १०.२०

ताई, तुम्ही जे गणितात सांगितलं ते आम्ही १४ फेब्रुवारी १९९० ला बघितलं. इंडियन एअरलाइन्सचं आयसी ६०५, मुंबईहून बंगळुरूला गेलेलं. ए३२० आपल्याकडे येऊन वर्षही झालं नव्हतं. स्वच्छ दुपार, धावपट्टी समोर दिसत होती. विमान आयडल ओपन डिसेंट या मोडमध्ये राहिलं. म्हणजे इंजिनं आयडलवर (सगळ्यात कमी पॉवरवर) आणि वेग सांभाळायची जबाबदारी फक्त नाकावर. उतरण्याचा मार्ग सपाट होत गेला, वेग घसरला, आणि ते लक्षात आलं तेव्हा जमीन जवळ होती. पॉवर मागितली, पण इंजिनांना वर यायला वेळ लागतो. धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळलं. १४६ पैकी ९२ गेले.

त्यानंतर आपल्याकडची ए३२० काही महिने जमिनीवर उभी होती. आम्ही रोज त्यांच्याखालून जायचो. विमान वाईट आहे असं बाहेर लोक बोलायचे, आम्हाला पटायचं नाही, पण उत्तरही नव्हतं.


पश्चिमवारा
बुधवार, रात्री ११.३०

उशीर झाला, फ्लाइटवर होतो. गणिताची_वही, तुम्ही अचूक समजलात. आमच्याकडे नव्या मुलांना मी शब्दशः हेच सांगतो : हे विमान तुला वेग हाताने सांगणार नाही, तो डोळ्यांनी वाचायचा.

आयसी ६०५ बद्दल काका बोलले तेच पुढे नेतो. नॉर्मल लॉमध्ये (बिघाड नसतानाच्या कायद्यात) स्टिक पूर्ण मागे ओढली तरी विमान स्टॉल होऊ देत नाही. पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन एका मर्यादेला अडवला जातो आणि आधीच अल्फा फ्लोअर ही यंत्रणा इंजिनांना पूर्ण पॉवर देतं. पण कोन अडवला म्हणून ऊर्जा येत नाही. उंचीही नाही, वेगही नाही, तर काँप्युटर आणणार कुठून? हडसनवर उतरलेल्या ए३२० चं उदाहरण घ्या, १५ जानेवारी २००९. दोन्ही इंजिनं गेल्यावर कॅप्टन सलेनबर्गर यांनी एपीयू (वीज देणारं शेपटीतलं छोटं इंजिन) लगेच सुरू केलं, वीज राहिली, नॉर्मल लॉ टिकला, १५५ जण वाचले. त्या संरक्षणामुळे शेवटपर्यंत विमान स्टॉल झालं नाही. अहवालात दुसरी बाजूही नोंदवली आहे : त्याच कायद्याने शेवटच्या क्षणी नाक त्यांना हवं तेवढं वर जाऊ दिलं नाही. दोन्ही खरं आहे.

म्हणून हाताने उडवताना माझे डोळे पीएफडीच्या (समोरच्या मुख्य पडद्याच्या) डाव्या पट्टीवर सारखे जातात. तिथे वेगाशेजारी एक पिवळा बाण असतो, पुढच्या दहा सेकंदांत वेग कुठे पोचेल ते तो दाखवतो. स्टिकपेक्षा तो बाण मला जास्त शिकवतो. ऑटोथ्रस्ट (इंजिनांची पॉवर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) चालू असताना थ्रस्ट लिव्हर जागेवरून हलत नाहीत, म्हणजे दुसऱ्या हातालाही बातमी नाही. ऑटोथ्रस्ट काढून मी स्वतः लिव्हर धरतो तेव्हाच त्या हाताला इंजिनं कळतात. महिन्यातून काही वेळा, हवा चांगली असेल आणि सहकारी ताजातवाना असेल तेव्हा, मी ऑटोपायलट, ऑटोथ्रस्ट आणि फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे न्यायचं ते पडद्यावर सुचवणाऱ्या रेषा) तिन्ही बंद करून "बर्ड" लावून येतो. बर्ड म्हणजे पडद्यावरचं छोटं हिरवं चिन्ह, विमान प्रत्यक्षात कुठे चाललंय ते दाखवणारं. स्टिकने बर्ड धावपट्टीच्या उंबरठ्याकडे ठेवायचा आणि हात सोडायचा. कायदा मार्ग राखतो, त्यामुळे बर्ड तिथेच राहतो. हे जमलं की या विमानाची गोडी कळते.

फ्लेअर हा मात्र वेगळा अध्याय आहे. शेवटपर्यंत मार्ग राखणारं विमान उतरवता येणार नाही, म्हणून ५० फुटांवर काँप्युटर नाकाचा कोन लक्षात ठेवतो आणि ३० फुटांपासून ८ सेकंदांत नाक उणे दोन अंशांकडे नेऊ लागतो. तुम्ही हात सोडलेला असेल तर नाक खाली जाईल. म्हणजे तुम्हाला ओढावंच लागतं, साध्या विमानासारखं. इंजिनिअरांनी हे मुद्दाम घातलंय, आणि मला ते फार आवडतं : उतरताना माणसाच्या हाताला जी सवय आहे ती त्याला परत दिली. २० फुटांवर "रिटार्ड" हा आवाज येतो, लिव्हर मागे.

पावसाळ्यातला आडवा वारा. २७ वर उतरताना नैऋत्येचा वारा डावीकडून येतो, म्हणून नाक डावीकडे वळवून खेकड्यासारखं तिरपं यायचं. फ्लेअरमध्ये उजवा पाय देऊन नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं. नाक उजवीकडे येताच डावा पंख उचलतो, तेव्हा डावीकडे थोडीशी स्टिक, पंख सपाट ठेवण्यापुरती. इथे केबलच्या विमानावरून आलेला माणूस चुकतो. तिथे वाऱ्याच्या बाजूला हात धरून ठेवायची सवय असते. इथे धरून ठेवलं तर ती "कलत राहा" अशी मागणी होते. द्यायची, मिळाली की परत मधोमध. माग, थांब, बघ.

योकवाला, तुमचं उत्तर टाळत नाहीये. एअर फ्रान्स ४४७ चा अहवाल मी तीनदा वाचला आहे. जोडलेली स्टिक असती तर कुणाला तरी कळलं असतं असं मलाही वाटतं. डिसेंबर २०१४ मध्ये एअर एशिया ८५०१ जावा समुद्रात पडलं, त्यातही दोघांच्या स्टिक एकमेकींविरुद्ध चालल्या होत्या. गल्फस्ट्रीमच्या जी५०० मध्ये आता अशी साइडस्टिक आहे जी दुसऱ्याच्या हातात तशीच हलते. ए३२० मध्ये ती आली तर मी आनंदाने शिकेन. आज नाही, म्हणून आम्ही बोलतो, आणि मी शेजारच्या स्टिककडे नाही, विमानाच्या नाकाकडे बघायला शिकवतो. कुणी काय मागितलं ते नाकावर सगळ्यात आधी उमटतं.


वाट_वाकडी
गुरुवार, सकाळी ९.४५

+१. वाचनखूण साठवली. ताक घुसळणं कायम लक्षात राहील.


मीनाक्षी_सातारा
गुरुवार, रात्री ८.२०

काल मुलाला फोनवर हा सगळा धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, आई, थांब, लिहून घेतो. एक शेवटची शंका : सगळे काँप्युटरच बंद पडले तर तो स्टिकचा तुकडा कशाला जोडलेला आहे?


जुना_फिटर
गुरुवार, रात्री ९.००

ताई, एकच काँप्युटर असता तर ही भीती रास्त होती. ए३२० मध्ये उड्डाण नियंत्रणाचे सात आहेत : दोन ईलॅक, तीन सेक, दोन फॅक. ईलॅक आणि सेक वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळे प्रोसेसर वापरून बनवले, एकातली चूक दुसऱ्यात तशीच येऊ नये म्हणून. एक गेला तर दुसरा घेतो, पायलटला बहुतेक वेळा हातात काही कळतही नाही.

तरी निर्धास्त कुणी राहत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या वाटेवर असलेल्या एका ए३२० चं नाक अचानक खाली गेलं. सूर्याच्या तीव्र किरणोत्साराने ईलॅकमधली माहिती बिघडू शकते असा निष्कर्ष निघाला आणि नोव्हेंबरच्या शेवटी जगभरातल्या सुमारे ६,००० विमानांना दुरुस्ती सांगितली गेली. बहुतेकांत जुनं सॉफ्टवेअर परत घालायचं होतं. माझा पुतण्या याच कामात आहे. त्या शनिवार-रविवारी तो घरी जेवायलाही आला नाही. एका विमानानंतर दुसरं, लोड करायचं, तपासायचं, सही करायची. दमला होता, पण आवाजात समाधान होतं.


पश्चिमवारा
गुरुवार, रात्री १०.१०

काकांच्या उत्तराला थोडी जोड देतो. बिघाड वाढत गेला तर कायदा पायरीपायरीने खाली येतो. नॉर्मलनंतर अल्टरनेट : पिचला मागणी तीच राहते, पण स्टॉलपासूनचं संरक्षण जातं. पडद्यावर ६७ अंशांशी असलेल्या हिरव्या खुणांच्या जागी पिवळट फुल्या येतात. त्या फुल्या दिसल्या की हाताने समजायचं, आता अडवणारं कुणी नाही. त्याच्या खाली डायरेक्ट लॉ : स्टिक जेवढी, पृष्ठभाग तेवढा, ट्रिम स्वतः चाकाने करायचं. तिथे ए३२० सेस्नाच्या खूप जवळ येतं, म्हणून मुलाचे आजचे तास वाया जाणारे नाहीत. आणि सगळंच गेलं तर ट्रिमचं चाक आणि रडरचे पेडल यांनी विमान सरळ ठेवायचं, वीज परत येईपर्यंत.

सराव किती मिळतो हा खरा काळजीचा विषय. २९,००० फुटांच्या वर दोन विमानांतलं उभं अंतर १,००० फूट असतं, तिथे ऑटोपायलट ठेवतोच. उरतो तो टेकऑफचा आणि अप्रोचचा वेळ. अमेरिकेच्या एफएए या विमान नियामक संस्थेने जानेवारी २०१३ मध्येच विमान कंपन्यांना सूचना काढली की पायलटना हाताने उडवायला उत्तेजन द्या. मला वाटतं, प्रत्येक फर्स्ट ऑफिसरने शांत हवेत मागून घ्यावं : "कॅप्टन, आज दहा हजारांपासून हाताने नेऊ का?" आणि कॅप्टनने हो म्हणावं. मी म्हणतो.


योकवाला
पाच महिन्यांनी, रविवार, दुपारी ४.००

धागा वर काढतोय. नोकरी बदलली. परवापासून ए३२० चं रूपांतर प्रशिक्षण सुरू झालं, काल सिममध्ये (सिम्युलेटरमध्ये) पहिलं सत्र होतं.

पहिली वीस मिनिटं माझा अंगठा ट्रिमचं बटण शोधत होता. तिथे फक्त ते लाल बटण आहे, आणि मी दोनदा त्यावरच अंगठा ठेवला. टेकऑफला अर्धी स्टिक पुढे, ८० नॉटनंतर हळूहळू मधोमध, १०० पर्यंत सोडलेली, इथवर ठीक. मग उचललं, १५ अंशांवर आणलं, आणि सवयीने नाक धरून ठेवायला दाब देत राहिलो. विमान नाक वर-खाली करायला लागलं. इन्स्ट्रक्टरने स्टिकवरून माझी चार बोटं उचलली, फक्त अंगठा आणि पहिलं बोट ठेवायला लावलं. ३० अंश बँक मागितली, सोडली, ती तशीच उभी राहिली. मी तिच्याकडे बघत बसलो होतो.

आडव्या वाऱ्यात पहिल्या तीन लँडिंगना वाऱ्याच्या बाजूला स्टिक धरून ठेवली, तुम्ही लिहिलं होतं तस्संच. तिन्ही वेळा पंख खाली गेला. चौथ्याला स्वतःशी मोठ्याने म्हटलं, माग, थांब, बघ. पाचवं लँडिंग मध्यरेषेवर झालं.

जोडलेल्या स्टिकबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण ३३ अंशांत हात मोकळा ठेवून बाहेर बघता येतं, त्यात इतकी उसंत असते हे मला माहीत नव्हतं. उद्याच्या सत्रात अल्टरनेट लॉ आणि वेगाचे आकडे गेल्याचा सराव आहे. रात्री पिच आणि थ्रस्टचे आकडे पाठ करतोय. माझा आर्मरेस्ट ई-२ निघाला.